मांजराच्या पिल्लाचे निर्बीजीकरण : सहा महिन्यांची वाट का पाहू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील फ्लॅटमध्ये एकाच वेतातील दोन पिल्ले आहेत, एक मादी आणि एक बोका. वय साडेचार महिने, वजन अनुक्रमे १.९ आणि २.२ किलो, आणि लसींचा शेवटचा डोस गेल्या आठवड्यात झाला आहे. एका डॉक्टरांनी सहा-सात महिने पूर्ण झाल्यावर ऑपरेशन करू असे सांगितले, दुसऱ्यांच्या मते ते आत्ताही करता येईल, घरातील वडीलधारी मंडळी मांजरीला निदान एक वेत तरी होऊ द्या म्हणतात, आणि बोक्याचे ऑपरेशन लवकर केले तर पुढे त्याची लघवी अडते असेही आपल्या कानावर आले आहे.

माझे उत्तर असे की दोन्ही पिल्ले निरोगी असतील तर येत्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे पाच महिने पूर्ण होण्याच्या सुमारास, दोघांचेही निर्बीजीकरण एकाच दिवशी करून घ्यावे. घरगुती मांजरांसाठी चार ते पाच महिने हे वय मला सर्वांत सोयीचे वाटते, आणि हे केवळ माझे वैयक्तिक मत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या आत मांजरांचे निर्बीजीकरण करण्याच्या शिफारशीला पाठिंबा दिला, आणि ब्रिटनमध्ये मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था बऱ्याच वर्षांपासून चार महिन्यांचा आग्रह धरत आल्या आहेत.

मग सहा महिन्यांचा आकडा आला कोठून? विसाव्या शतकाच्या मध्यावर, जेव्हा भुलीची औषधे आजच्याइतकी सुरक्षित नव्हती आणि लहान जनावराला भूल देणे जोखमीचे समजले जाई, तेव्हा सहा महिने हा अंदाजाने बांधलेला नियम होता, आणि तो पुढे पुस्तकांतून व दवाखान्यांतून तसाच चालत राहिला. आपल्याकडे शिकलेल्या आमच्या पिढीच्या पशुवैद्यकांच्या अंगवळणी तोच पडलेला आहे, शिवाय आमच्यापैकी अनेकांचा हात कुत्र्यांच्या ऑपरेशनवर बसलेला असल्यामुळे कुत्र्याचे वेळापत्रक मांजरालाही लावले जाते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये थांबण्याला सांध्यांच्या दृष्टीने काही अर्थ आहे, तो मांजराला लागू होत नाही. तेव्हा ज्या डॉक्टरांनी आपल्याला थांबायला सांगितले त्यांचे काही मोठे चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी सांगितलेल्या मुदतीत मांजरी माजावर येण्याची शक्यता भरपूर आहे, हे आपण लक्षात घ्यावे.

मांजरीचे शरीर या बाबतीत फार घाईचे असते. बहुतेक माद्या पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतात, पण वजन दोन किलोच्या पुढे गेलेली, चांगले खाणारी पिल्ली चार महिन्यांतही येऊ शकते. मांजरांचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात दिवस आठ-नऊ तासांवर आला की माद्यांचा माज काही महिने थांबतो, आणि तिकडच्या पुस्तकांत जो ‘हंगाम’ दिलेला असतो तो त्यामुळे. मुंबई-पुण्यात डिसेंबरातील सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो, आणि त्यात आपल्या घरातील दिवे रात्री अकरा-बारापर्यंत चालू. त्यामुळे फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मांजरीला ‘हिवाळा’ असा मिळतच नाही, आणि ती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते. हंगाम नाही म्हणून निश्चिंत राहण्याची सोय आपल्याकडे नाही.

पहिला माज अनेकांना ओळखूही येत नाही. मांजरी अचानक मोठ्याने, घशातून काढल्यासारखे ओरडू लागते, जमिनीवर लोळते, पाठीवरून हात फिरवला की पुढचा भाग खाली दाबून मागचा भाग वर उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी आपटू लागते. पोटात दुखते आहे, कंबर मोडली आहे किंवा मागच्या पायांतील जोर गेला आहे असे समजून धास्तावलेले लोक रात्री-अपरात्री फोन करतात. हा प्रकार साधारण आठवडाभर चालतो, बोका न मिळाल्यास थांबतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. मांजरीत बीज सुटण्याची क्रिया समागमामुळे घडते, त्यामुळे बोका एकदा जरी पोहोचला तरी गर्भ राहण्याची शक्यता मोठी असते. पुढे सुमारे नऊ आठवड्यांत पिल्ले. आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहिल्याची उदाहरणे मुळीच विरळ नाहीत.

आपल्या घरात तर बोका बाहेरून येण्याचीही गरज नाही. बहीण-भाऊ आहेत म्हणून ते जुळणार नाहीत, ही समजूत मी इतक्या घरांत ऐकली आहे की ती येथे स्पष्ट खोडून काढणे भाग आहे. मांजरांना असले नाते नसते. बोका साधारण सहाव्या महिन्यापासून प्रजननक्षम होऊ शकतो. शिवाय बोक्याचे ऑपरेशन झाल्यावरही नलिकांमध्ये शिल्लक असलेल्या शुक्राणूंमुळे काही आठवडे गर्भ राहण्याची शक्यता उरते. म्हणून ‘आधी बोक्याचे करू, मादीचे नंतर बघू’ हा हिशेब आपल्या बाबतीत चालणार नाही. खर्चाच्या किंवा सोयीच्या कारणाने एकाच पिल्लाचे आधी करावे लागले, तर मादीचे करावे.

दोघांचे एकत्र करण्याचा आणखी एक फायदा आहे, जो दवाखान्यात सहसा कोणी सांगत नाही. मांजरे एकमेकांना वासाने ओळखतात. एकच पिल्लू दवाखान्याचा आणि स्पिरिटचा वास घेऊन परतले की घरी राहिलेले भावंड त्याच्यावर फिस्कारते, कधी अंगावर जाते, आणि हा दुरावा कित्येक दिवस टिकतो. दोघांना एकच वास आला की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

आता ‘एक वेत होऊ द्या’ या सल्ल्याविषयी. पिल्ले झाल्याने मांजरीची प्रकृती सुधारते, ती शांत होते किंवा तिची काही राहिलेली इच्छा पुरी होते, याला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. याच्या उलट मात्र भक्कम आधार आहे. मांजरीच्या स्तनांतील गाठी दहापैकी आठ-नऊ वेळा कर्करोगाच्या निघतात, आणि कुत्रीच्या तुलनेत हा रोग मांजरीत फार आक्रमकपणे पसरतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सहा महिन्यांच्या आत निर्बीजीकरण झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होता आणि एक वर्षाच्या आत झालेल्यांत सुमारे ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर ऑपरेशन केलेल्यांत मात्र या दृष्टीने फायदा दिसलाच नाही. एक वेत होऊन, पिल्ले दूध तोडून, दूध आटून मांजरी ऑपरेशनच्या टेबलावर येईपर्यंत बहुधा तिचे एक वर्ष उलटलेले असते. वडीलधाऱ्यांचा आग्रह मायेपोटी असतो हे मला मान्य आहे, आणि घरात हा आकडा वादासाठी नव्हे तर समजावण्यासाठी वापरावा. जन्मलेल्या चार-पाच पिल्लांना घरे कोण शोधणार, हा प्रश्नही त्यांनाच विचारून पाहावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जी पिल्ले दिसतात त्यांतील काही अशाच ‘एका वेता’तून आलेली असतात.

लहान पिल्लाला भूल सोसेल का, ही आपली खरी भीती आहे आणि ती रास्त आहे. पण शल्यचिकित्सकाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. साडेचार महिन्यांच्या मादीचे गर्भाशय जाड दोऱ्यासारखे बारीक असते, अंडाशयाभोवती चरबी जवळजवळ नसते, रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, आणि चीर दीड-दोन सेंटिमीटरची पुरते. तीच मांजरी माजावर असताना उघडली तर गर्भाशय फुगलेले, ऊती नाजूक आणि रक्तवाहिन्या भरलेल्या मिळतात. गाठ बांधताना ऊती फाटू नयेत म्हणून हात जपून चालवावा लागतो. वर्ष-दीड वर्षाच्या, घरात बसून जाड झालेल्या मांजरीत तर अंडाशय चरबीतून शोधून काढावे लागते. लहान वयात ऑपरेशनला वेळ कमी लागतो, भूल कमी वेळ द्यावी लागते आणि पिल्लू लवकर शुद्धीवर येते. संध्याकाळी घरी गेल्यावर ते खेळू लागते तेव्हा त्याला आवरणे हीच मालकांची मोठी अडचण होऊन बसते.

लहान वयाच्या दोन गोष्टी मात्र काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात: रक्तातील साखर आणि अंगाची ऊब. मोठ्या मांजराप्रमाणे पिल्लाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नये. या वयात तीन-चार तासांचा उपवास बहुधा पुरेसा असतो, आणि पाणी दवाखान्यात निघेपर्यंत चालते. नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांकडून विचारून घ्यावी, पण ‘आदल्या रात्री आठपासून काही देऊ नका’ असे सांगण्यात आले तर पिल्लाचे वय त्यांना पुन्हा एकदा आठवण करून द्यायला संकोच करू नये. ऑपरेशनच्या टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या किंवा उबदार गादी वापरतात का, भुलीपूर्वी वेदनाशामक देतात का, वजन काट्यावर करून औषधाची मात्रा काढतात की अंदाजाने, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पिल्लाजवळ कोणी असते का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. यांची उत्तरे सरळ मिळाली तर दवाखाना लहान आहे की मोठा याने फारसा फरक पडत नाही.

वयापेक्षा मी वजनाकडे आणि तब्येतीकडे अधिक पाहतो. प्राणीसंस्थांमध्ये, जिथे पिल्लू दत्तक दिल्यावर परत येईलच याची खात्री नसते, तिथे दोन महिन्यांची, एक किलो वजनाची निरोगी पिल्लेही सुरक्षितपणे ऑपरेट केली जातात. घरातील पिल्लाच्या बाबतीत इतकी घाई करण्याचे कारण नसते, कारण लसींचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास होतो आणि त्यानंतर एक-दोन आठवडे गेले की संरक्षण चांगले तयार झालेले असते. दवाखान्यात आजारी मांजरेही येतात. पॅनल्यूकोपेनिया हा पिल्लांचा जीवघेणा रोग तेथूनच घरी येऊ शकतो, म्हणून लस आधी आणि ऑपरेशन नंतर, हा क्रम शक्यतो मोडू नये. आपल्या पिल्लांचे वेळापत्रक या दृष्टीने अगदी नेमके जुळून आले आहे.

ज्यांच्याकडे रस्त्यावरून आणलेले पिल्लू आहे आणि जन्मतारीख ठाऊक नाही, त्यांनी दात पाहावेत. समोरचे बारीक दात साधारण साडेतीन ते चार महिन्यांत पडून पक्के येतात आणि सुळे पाचव्या महिन्याच्या आसपास बदलतात. समोरचे दात पक्के, रुंद आणि पांढरेशुभ्र दिसत असतील पण सुळे अजून सुईसारखे बारीक दुधाचे असतील, तर पिल्लू चार ते पाच महिन्यांचे आहे असे समजायला हरकत नाही, आणि ऑपरेशनची तारीख घेण्याची हीच वेळ. काही दिवस दुधाचा आणि पक्का असे दोन सुळे शेजारी-शेजारी दिसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्या देशी मांजरांची पिल्ले पुस्तकातील आकड्यांपेक्षा थोडी हलकी भरतात; चार महिन्यांना दीड किलो असलेले, खेळते-खाते पिल्लू मला पूर्णपणे चालते.

थांबणे योग्य असते अशी कारणेही आहेत. सर्दी, शिंका किंवा डोळ्यांतून पाणी, जुलाब, पिसवांमुळे हिरड्या फिक्या पडलेल्या, किंवा तपासताना हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज, यांपैकी काही आढळले तर आधी त्याचा उलगडा करावा. बोक्याचे एक वृषण खाली उतरलेले नसेल, जे पर्शियन जातीत तुलनेने अधिक आढळते, तर सहा-आठ महिन्यांपर्यंत वाट पाहता येते, पण त्यानंतर दोन्ही वृषणे काढलीच पाहिजेत. पोटात राहिलेले वृषण संप्रेरके तयार करीत राहते, त्यामुळे बोक्याचे सर्व वागणे कायम राहते आणि पुढे तेथे गाठ होण्याचा धोकाही असतो. पर्शियन मांजरे उशिरा वयात येतात हे खरे, आणि चपट्या नाकामुळे त्यांना भूल देताना श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते हेही खरे. तरीही त्यांना वर्षभर थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. विक्रेते ‘चेहरा भरू द्या’ म्हणतात. वयात येण्याआधी ऑपरेशन झालेल्या बोक्याचे गाल थोराड बोक्यासारखे फुगत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

लवकर ऑपरेशनचे जे तोटे सांगितले जातात, त्यांतील लघवी अडण्याची भीती सर्वाधिक पसरलेली आहे. लवकर आणि उशिरा ऑपरेशन केलेल्या बोक्यांच्या मूत्रनलिकेचा व्यास मोजून पाहण्यात आला आहे आणि त्यात अर्थपूर्ण फरक सापडलेला नाही. लघवी अडण्याचे प्रकार बोक्यांत होतात ते प्रामुख्याने लठ्ठपणा, कमी पाणी पिणे, केवळ कोरडे खाणे, हालचाल नसणे आणि घरातील ताण यांच्यामुळे. नसबंदी झालेला बोका जाड होतो, आणि दोष मात्र नसबंदीच्या तारखेला दिला जातो. हाडांच्या टोकांवरील वाढीच्या कूर्चा उशिरा बंद होतात, त्यामुळे पाय किंचित लांब होतात, हे खरे आहे. वजनदार बोक्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्याशी होणारे फ्रॅक्चर या कारणाशी जोडले जाते, पण ते क्वचित घडते आणि तेथेही वजनाचा वाटा मोठा असतो. दीड हजारांहून अधिक मांजरांचा काही वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्या बोक्यांत मारामारीतून होणारे गळू कमी आढळले, आणि तोटा म्हणावा तर अनोळखी माणसांपासून लपण्याची वृत्ती थोडी जास्त दिसली. मला हा सौदा महागाचा वाटत नाही.

बोक्याच्या बाबतीत वेळेचा संबंध घरातील वासाशी आहे. पडद्यांवर, दाराच्या चौकटीवर उभ्याने लघवीचे फवारे मारण्याची सवय लागण्यापूर्वी ऑपरेशन झाले तर दहांतील नऊ बोके पुढे ती लावून घेत नाहीत. सवय मुरल्यावर केले तरी बहुतेकांत फरक पडतो, पण काहींत ती उरते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑपरेशन लांबवण्यासाठी मांजरीला माज थांबवण्याची इंजेक्शने किंवा गोळ्या देऊ नयेत, आणि माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तर कदापि नाहीत. या संप्रेरकांमुळे तरुण मांजरींचे स्तन अचानक लिंबाएवढे सुजतात, गर्भाशयात पू होतो, आणि काहींना मधुमेह जडतो. इंजेक्शन स्वस्त पडते म्हणून दिले जाते आणि त्यातून उद्भवलेले ऑपरेशन मूळ निर्बीजीकरणाच्या कित्येक पट कठीण असते.

तारीख ठरण्यापूर्वीच मांजरी माजावर आली तर घाबरून जाऊ नये. अनुभवी डॉक्टर माजातही ऑपरेशन करतात. रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते म्हणून मी स्वतः माज ओसरल्यावर करणे पसंत करतो. पण पुढचा माज दोन-तीन आठवड्यांवरच असतो, तेव्हा ‘आता शांत झाली, बघू सावकाश’ असे म्हणून मधली संधी सोडू नये. तोवर दोन्ही पिल्लांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे आणि बाल्कनीची जाळी नीट तपासावी. माजावरची मांजरी एरवी कधी न मारलेल्या उड्या मारते.

ऑपरेशननंतरची काळजी फारशी अवघड नाही. भुलीत मांजराचे डोळे बहुधा उघडेच राहतात, म्हणून पिल्लू घरी आणल्यावर ते टक लावून पाहते आहे आणि तरीही ओळख देत नाही असे वाटले तर ती भुलीची उतरण आहे. त्याला पलंगावर किंवा कट्ट्यावर न ठेवता जमिनीवर, मंद उजेडाच्या उबदार खोलीत ठेवावे. तोल जाऊन पडण्याचा धोका पहिल्या रात्रीच असतो. नीट चालू लागले की थोडे खाऊ घालावे. वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेले औषधच द्यावे. घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. जखम चाटू नये म्हणून कॉलर किंवा कापडी अंगरखा आठ-दहा दिवस राहू द्यावा आणि टाके काढायचे असतील तर दहाव्या ते बाराव्या दिवशी दाखवावे. मादीच्या जखमेखाली चौथ्या-पाचव्या दिवशी वाटाण्याएवढा टणकपणा हाताला लागला तर तो आतील टाक्यांमुळे असतो आणि आपोआप विरतो. जखमेतून ओल येणे, दुर्गंधी, चोवीस तासांत काहीच न खाणे, किंवा फिक्या हिरड्या आणि मलूलपणा, यांपैकी काही दिसले तर फोनवर सल्ला न मागता सरळ दवाखाना गाठावा. बोक्याला टाके सहसा नसतात. त्याच्या वाळूऐवजी पाच-सहा दिवस फाडलेले वर्तमानपत्र घातले तर जखमेत कण जात नाहीत.

खाण्याकडे मात्र पहिल्या आठवड्यापासून लक्ष द्यावे. निर्बीजीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने उतरते आणि भूक नेमकी वाढते. आपली पिल्ले अजून वाढीची आहेत, म्हणून पिल्लांचेच खाद्य चालू ठेवावे, पण वाटी दिवसभर भरून ठेवण्याची पद्धत बंद करून मोजून तीन-चार वेळा द्यावे, त्यात एक वेळ ओले खाद्य किंवा मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन पाण्यासह द्यावे, आणि दर महिन्याला वजन लिहून ठेवावे. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. त्या लागेनाशा झाल्या की लगेच वाटी कमी करावी, कारण मांजराचे वजन वाढवणे जितके सोपे आहे तितकेच ते उतरवणे कष्टाचे, आणि जाड मांजराला एकाएकी उपाशी ठेवले तर त्याच्या यकृतावर चरबी साचण्याचा वेगळाच धोका उभा राहतो.